१,२३,४५,६७,८९० : मोठ्या संख्येचे गुणधर्म कागदावर कसे काढायचे

संख्यांचे गुणधर्म शिकताना सहसा ३६, ६० किंवा १०० ही उदाहरणे घेतली जातात. त्यांची उत्तरे पाढ्यांतच सापडतात, त्यामुळे पद्धत शिकायची राहून जाते आणि दहा अंकी संख्या समोर आली की हात थांबतो. म्हणून इथे मुद्दाम मोठी, पण कधी विसरता येणार नाही अशी संख्या घेतली आहे: एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद. कामाचा क्रम असा : आधी मूळ अवयव पाडायचे, त्यांचा ताळा बघायचा आणि मग विभाजक, त्यांची बेरीज, वर्गांची मांडणी, आवर्ती दशांश हे सगळे त्या अवयवांवरून काढायचे. अवयव चुकले तर पुढचे प्रत्येक उत्तर चुकते, म्हणून सगळ्यात जास्त वेळ तिथे द्या.

तयारी

चौकटीची वही, पेन आणि ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी एवढे पुरे : २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१. कॅल्क्युलेटर घेणार असाल तर तो किती अंक दाखवतो ते आधी बघा. दुकानातल्या आठ अंकी कॅल्क्युलेटरवर ही संख्या मावतच नाही. स्प्रेडशीटमध्ये चौकट अरुंद असेल तर संख्या आखडून दहाच्या घातात दिसते. चौकट रुंद केली की पूर्ण दिसते, आत काही बिघडलेले नसते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी मात्र ३२ बिटांचा दशांश प्रकार (float) वापरू नये. त्यात एवढ्या मोठ्या संख्या १२८ च्या टप्प्यांनीच साठवता येतात, त्यामुळे १२३४५६७८९० ठेवली तर १२३४५६७९३६ परत मिळते.

पायरी १ : सोपे अवयव काढून टाका

शेवटचा अंक ० आहे, म्हणजे २ आणि ५ दोन्हींनी भाग जातो. शेवटचे दोन अंक ९०. त्यांना ४ ने भाग जात नाही आणि २५ नेही जात नाही, म्हणून २ आणि ५ एकेकदाच येतात. १० ने भागून १२३४५६७८९ उरते.

अंकांची बेरीज ४५. तिला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. इथे एक चूक हमखास होते : ३ आणि ९ ची कसोटी चालली म्हणून तीच २७ ला लावायची. ती लागत नाही. ५४ ला २७ ने भाग जातो, पण त्याच्या अंकांची बेरीज ९ आहे. तेव्हा प्रत्यक्ष भागा आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा कसोटी लावा. १२३४५६७८९ ÷ ९ = १३७१७४२१. याच्या अंकांची बेरीज २६, तिला ३ ने भाग जात नाही. म्हणजे ३ बरोबर दोनदाच आहे.

आतापर्यंत : १२३४५६७८९० = २ × ३² × ५ × १३७१७४२१.

पायरी २ : ७, ११, १३ एकाच फेरीत

७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आळीपाळीने अधिक-उणे केले की जी संख्या येते, तिला ७, ११ किंवा १३ ने भाग जातो का एवढेच बघायचे.

गट उजवीकडूनच आणि तीन-तीनचेच हवेत. आपल्याला १,३७,१७,४२१ असे स्वल्पविराम द्यायची सवय असते. त्या स्वल्पविरामांवर गट पाडले तर उत्तर पार चुकते. बरोबर गट असे : १३ | ७१७ | ४२१. मग ४२१ − ७१७ + १३ = −२८३. चिन्ह सोडा. २८३ ला ७ ने भागल्यावर बाकी ३, ११ ने ८, १३ ने १०. तिघांनीही भाग जात नाही.

१७ पासून ६१ पर्यंत उरलेल्या बारा मूळ संख्यांनी सरळ भागून बघा. एकानेही निःशेष भाग जाणार नाही. इथे खरा प्रश्न येतो : पुढे किती काळ भागत बसायचे?

पायरी ३ : १३७१७४२१ चे दोन तुकडे

नियमाप्रमाणे वर्गमुळापर्यंत भागावे लागते. ३७०३² = १३७१२२०९ आणि ३७०४² = १३७१९६१६, म्हणजे वर्गमूळ ३७०३ च्या थोडे पुढे आहे. पाचशेवी मूळ संख्या ३५७१ आहे. एकामागून एक भागाकार करत गेलात तर यश ५०४ व्या मूळ संख्येशी मिळेल, म्हणजे ७ पासून मोजले तर ५०१ भागाकार. हे हाताने होण्यासारखे नाही. झालेच तरी वाटेत एखादा भागाकार चुकेल आणि तो नेमका कोणता ते सापडणार नाही.

म्हणून फर्माची पद्धत वापरा. सतराव्या शतकातल्या पिएर द फर्मा या फ्रेंच गणितीची ही कल्पना शाळेतल्या एका सूत्रावर उभी आहे : क² − ख² = (क − ख)(क + ख). आपली विषम संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडता आली की अवयव आपोआप मिळतात. क वर्गमुळाच्या लगेच वरच्या पूर्ण संख्येपासून सुरू करायचा, एकेकाने वाढवायचा आणि दर वेळी क² मधून संख्या वजा करून बाकी पूर्ण वर्ग आहे का ते बघायचे.

क = ३७०४ : १३७१९६१६ − १३७१७४२१ = २१९५. शेवटी ५ आहे, पण ५ ने संपणाऱ्या पूर्ण वर्गाच्या शेवटी २५ असावेच लागते. म्हणजे हा वर्ग नाही, वर्गमूळ काढायचीही गरज नाही.

क = ३७०५ : नव्याने वर्ग करू नका. आधीच्या बाकीत दोन वेळा ३७०४ अधिक १, म्हणजे ७४०९ मिळवा. २१९५ + ७४०९ = ९६०४. हा ९८ चा वर्ग आहे.

संपले. ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३, म्हणून १३७१७४२१ = ३६०७ × ३८०३. पाचशे भागाकारांचे काम दोन वजाबाक्यांत झाले.

आणखी एक बारकावा वेळ वाचवतो. १३७१७४२१ ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते. अशा संख्येसाठी क विषमच असावा लागतो, म्हणून ३७०४ तपासलाच नसता तरी चालले असते. बाकी ३ असती तर क सम असता. वर्गांचा शेवटचा अंक फक्त ०, १, ४, ५, ६, ९ असतो. बाकीच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ दिसला की पुढे जा.

ही पद्धत जादू नाही. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ती वेगाने पोचते. ३६०७ आणि ३८०३ यांच्यात फक्त १९६ चे अंतर आहे, म्हणून ती इथे चालली. अवयव दूर असतील तर ती साध्या भागाकारापेक्षा कितीतरी वाईट ठरते. शेवटच्या सरावात असेच उदाहरण येईल, तिथे फर्माच्या मार्गाने जाणाऱ्याला १,७९,५३० वेळा बघावे लागेल. म्हणून क्रम हाच ठेवा : आधी ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागा, मग फर्माच्या दहा-वीस पायऱ्या करून बघा, तरीही न मिळाल्यास पुन्हा भागाकाराकडे वळा. संदेश गुप्त ठेवण्याच्या आरएसए पद्धतीतली किल्ली दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी असते. त्या दोन संख्या जवळजवळच्या निवडल्या तर किल्ली शेकडो अंकांची असूनही याच दोन ओळींच्या युक्तीने फुटते. आकार मोठा म्हणजे सुरक्षा मोठी, असे समजणाऱ्यांनी ३६०७ आणि ३८०३ कडे नीट पाहावे.

पायरी ४ : ३६०७ आणि ३८०३ मूळ आहेत ना?

हे न तपासता पुढे जाऊ नका. ६१² = ३७२१. ती ३६०७ पेक्षा मोठी आहे, म्हणून ३६०७ साठी ५९ पर्यंत भागले की पुरे. ३८०३ मात्र ३७२१ च्या वर आहे, तिच्यासाठी ६१ नेही भागावे लागते. नवशिके इथेच एक पाऊल आधी थांबतात.

२, ३, ५ ने भाग जात नाही हे वरच्या कसोट्यांवरून दिसतेच. ३६०७ ला ७ पासून ५९ पर्यंतच्या मूळ संख्यांनी क्रमाने भागल्यावर बाक्या येतात : २, १०, ६, ३, १६, १९, ११, ११, १८, ४०, ३८, ३५, ३, ८. ३८०३ ला ७ पासून ६१ पर्यंत : २, ८, ७, १२, ३, ८, ४, २१, २९, ३१, १९, ४३, ४०, २७, २१. कुठेही शून्य नाही, म्हणजे दोन्ही मूळ संख्या आहेत. तुमची एखादी बाकी वेगळी आली तर तेवढा एकच भागाकार पुन्हा करा.

१२३४५६७८९० = २ × ३² × ५ × ३६०७ × ३८०३

आता ताळा. नवाचा ताळा : ३६०७ चे अंक मिळवून १६, मग ७, ३८०३ चे १४, मग ५. ७ × ५ = ३५, म्हणजे ८. इकडे १३७१७४२१ चे २६, म्हणजे ८. जुळले. पण नवाच्या ताळ्याला अंकांची अदलाबदल दिसत नाही : १३७१७४२१ ऐवजी १३७१७२४१ लिहिले तरी तो जुळतोच. म्हणून अकराचा ताळाही घ्या. उजवीकडून अंक आळीपाळीने अधिक-उणे करायचे. ३६०७ : ७ − ० + ६ − ३ = १०. ३८०३ : ३ − ० + ८ − ३ = ८. गुणाकार ८०, त्याला ११ ने भागून बाकी ३. इकडे १ − २ + ४ − ७ + १ − ७ + ३ − १ = −८, त्यात ११ मिळवून ३. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल या ताळ्यातून सुटत नाही.

पायरी ५ : विभाजक मोजा, लिहा, मिळवा

प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा. २, ५, ३६०७, ३८०३ यांचे घातांक १, तर ३ चा २. म्हणून २ × ३ × २ × २ × २ = ४८ विभाजक.

ते एकेक शोधत बसलात तर दोन-तीन सुटणारच. आधी ९० चे बारा लिहा : १, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, ३०, ४५, ९०. या ओळीखाली तीच ओळ ३६०७ ने गुणून, मग ३८०३ ने गुणून, मग १३७१७४२१ ने गुणून लिहा. चार ओळी, बारा स्तंभ, एकही सुटत नाही. याच तक्त्यातून आणखी एक गोष्ट मिळते : ही संख्या आयताचे क्षेत्रफळ मानली आणि बाजू पूर्ण संख्या हव्या असतील, तर चौरसाच्या सर्वांत जवळचा आयत ३४२२७ × ३६०७० आहे. ३४२२७ म्हणजे ९ × ३८०३ आणि ३६०७० म्हणजे १० × ३६०७. आपल्या संख्येचे वर्गमूळ ३५१३६ च्या थोडे पुढे, या दोन्हींच्या मधोमध पडते.

विभाजकांची बेरीज करायला ४८ संख्या मिळवायची गरज नाही. प्रत्येक मूळ अवयवासाठी १ पासून त्याच्या घातापर्यंतची बेरीज करा आणि त्या बेरजांचा गुणाकार करा :

(१ + २) × (१ + ३ + ९) × (१ + ५) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३)
= ३ × १३ × ६ × ३६०८ × ३८०४
= २३४ × १,३७,२४,८३२
= ३,२१,१६,१०,६८८

नेहमीची चूक ३² ची असते. तिथे १ + ९ लिहिले जाते आणि मधला ३ गळतो.

यातून आपली संख्या वजा केली की तिच्यापेक्षा लहान विभाजकांची बेरीज १,९७,७०,४२,७९८ येते. ही बेरीज संख्येपेक्षा मोठी आहे, म्हणून ही विपुल संख्या. खरे तर हे आधीच सांगता आले असते, कारण ६ पेक्षा मोठी असलेली ६ ची प्रत्येक पट विपुलच असते.

प्रोग्राममध्ये ही बेरीज ३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात ठेवली तर −१०८३३५६६०८ असे ऋण उत्तर येऊ शकते. त्या प्रकाराची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे. आपली १२३४५६७८९० तिच्यात बसते, विभाजकांची बेरीज बसत नाही. विभाजकांची बेरीज ऋण दिसली की सूत्रात चूक शोधण्याआधी चलाचा प्रकार बघा.

त्याच धर्तीवर १ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या किती, तेही निघते. याला आयलरचे फाय फल म्हणतात. प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करायचा आणि घातांक १ पेक्षा जास्त असेल तर तो अवयव एक घात कमी करून पुन्हा गुणायचा : १ × (३ × २) × ४ × ३६०६ × ३८०२ = ३२,९०,४०,२८८. एकूण संख्येच्या एक चतुर्थांशापेक्षा थोडे जास्त.

पायरी ६ : वर्गांच्या भाषेत

संख्येला ४ ने भागल्यावर बाकी २ आहे. अशी संख्या दोन पूर्ण वर्गांची वजाबाकी कधीच होऊ शकत नाही, कारण वर्गाला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ च असते आणि त्यांच्या वजाबाकीतून २ मिळत नाही. म्हणूनच फर्माची पद्धत थेट १२३४५६७८९० ला लावायची नसते, आधी २ काढून टाकावा लागतो.

दोन वर्गांची बेरीज? ४ ने भागून ज्यांची बाकी ३ उरते अशा मूळ अवयवांचे घातांक बघा. ते सगळे सम असतील तरच बेरीज शक्य असते. ३ चा घातांक २ आहे, तो चालतो. पण ३६०७ आणि ३८०३ दोन्हींची बाकी ३ आहे आणि ते एकेकदाच आले आहेत. म्हणून दोन वर्गांत ही संख्या मांडता येत नाही, कितीही शोधा.

तीन वर्ग लागतात आणि ते पुरतात. लजांद्र या फ्रेंच गणितीच्या नियमाप्रमाणे ४ चे घात काढून टाकल्यावर ८ ने भागून बाकी ७ राहणारी संख्याच तीन वर्गांत बसत नाही. आपल्या संख्येत ४ नाही आणि ८ ने भागून बाकी २ आहे. प्रत्यक्ष मांडणी अशी :

३५१३३² + ४८०² + ९९² = १२३४३२७६८९ + २३०४०० + ९८०१ = १२३४५६७८९०

ही शोधायची रीत म्हणजे वर्गमुळाच्या खालचे वर्ग एकेक वजा करायचे आणि उरलेल्या संख्येला वरची दोन वर्गांची कसोटी लावायची. ३५१३६ ला उरतात २९३९४, त्यात २३ हा अवयव एकदाच आहे, बाद. ३५१३५ ला ९९६६५, त्यात ३१ आहे, बाद. ३५१३४ ला १६९९३४. तिच्या निम्मे ८४९६७, त्याला ४ ने भागून बाकी ३, बाद. ३५१३३ ला उरतात २४०२०१ = ९ × १३ × २०५३. १३ आणि २०५३ दोन्हींची बाकी १ आहे, म्हणून जमते.

पायरी ७ : या संख्येने १ ला भागले तर

हा भाग सगळ्यात सुंदर आहे. थोडा वेळ लागेल, तो द्या.

१ ÷ १२३४५६७८९० = ०.०००००००००८१००००००७३७१… सुरुवातीला ८१ दिसतो त्याला कारण आहे. १ ÷ ८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… आणि १२३४५६७८९ × ८१ = ९९९९९९९९०९, म्हणजे दहा अब्जांच्या अगदी जवळ. त्यामुळे एकाचा व्यस्त घेतला की दुसरा डोकावतो.

अपूर्णांक आवर्ती होणारच. आवर्तनाआधी किती अंक सुटे राहतात ते २ आणि ५ च्या घातांकांवरून ठरते. त्यांतला मोठा घातांक १, म्हणून दशांश चिन्हानंतरचा एकच अंक सुटा. आवर्तनाची लांबी मात्र उरलेल्या अवयवांवर अवलंबून असते. प्रत्येक अवयवासाठी एकच प्रश्न : १० चा कोणता सर्वांत लहान घात त्याने भागल्यावर बाकी १ देतो? मग त्या उत्तरांचा लसावि.

९ साठी उत्तर १, कारण १० ला ९ ने भागले की बाकी १.

३६०७ साठी लांबी ३६०६ ची विभाजक असते. ३६०६ = २ × ३ × ६०१. लांबी पूर्ण ३६०६ आहे का हे बघायला ३६०६ ला २, ३ आणि ६०१ ने भागून येणारे १८०३, १२०२ आणि ६ हे तीनच घात तपासायचे. १० चा सहावा घात वजा १ म्हणजे ९९९९९९, त्याचे मूळ अवयव ३, ७, ११, १३, ३७. त्यात ३६०७ नाही. मोठ्या घातांसाठी वर्ग करत जा आणि दर पावलाला ३६०७ ने भागून बाकी तेवढी ठेवा. बाकी निम्म्याहून मोठी आली तर ३६०७ वजा करून ऋण लिहा, आकडे लहान राहतात. १० चा चौथा घात : −८२१. आठवा : −४६८. सोळावा : −१००३. बत्तिसावा : −३४४. ६४ वा : −६९५. १२८ वा : −३१३. २५६ वा : ५८०. ५१२ वा : ९४९. आता ६०१ = ५१२ + ६४ + १६ + ८ + १, म्हणून त्या पाच बाक्यांचा गुणाकार, पुन्हा दर पावलाला भागत. उत्तर १४००.

मग १२०२ वा घात म्हणजे १४०० चा वर्ग, त्याची बाकी १३९९. आणि १८०३ वा म्हणजे १३९९ × १४०० = १९५८६००. ३६०७ × ५४३ = १९५८६०१, म्हणजे बाकी −१. तिन्हींपैकी कुठेही १ नाही. म्हणून १ ÷ ३६०७ चे आवर्तन पूर्ण ३६०६ अंकांचे आहे, याहून लांब असूच शकत नाही.

३८०३ साठी ३८०२ = २ × १९०१ आणि १९०१ मूळ आहे. १० किंवा १०० ला ३८०३ ने भागून बाकी १ येत नाही, म्हणून लांबी १९०१ किंवा ३८०२. वरच्याच रीतीने १० चा १९०१ वा घात काढला की बाकी १ येते, म्हणून लांबी १९०१, शक्यतेच्या निम्मी.

१, ३६०६ आणि १९०१ यांचा लसावि = ३६०६ × १९०१ = ६८,५५,००६. एवढ्या अंकांनंतर १ ÷ १२३४५६७८९० पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. एका पानावर ३००० अंक छापले तर २२८५ पानांहून थोडे जास्त. कॅल्क्युलेटरवरचे दहा-बारा अंक बघून “आवर्तन दिसत नाही, म्हणजे अपरिमेय असेल” असा निष्कर्ष का काढू नये, ते इथे स्पष्ट दिसते.

अंकांवर अवलंबून असलेले गुणधर्म

आतापर्यंतचे अवयव, विभाजक आणि वर्ग संख्या कोणत्याही पद्धतीत लिहिली तरी बदलत नाहीत. आवर्तनाची लांबी मात्र दशमान पद्धतीची आहे, आणि पुढच्याही गोष्टी तशाच आहेत. ही सीमारेषा डोक्यात असू द्या.

० ते ९ हे दहाही अंक इथे एकेकदाच आले आहेत. अशा ३२,६५,९२० दहा अंकी संख्या आहेत. सगळ्यांच्या अंकांची बेरीज ४५, म्हणून प्रत्येकीला ९ ने भाग जातो आणि त्यांत एकही मूळ संख्या नाही.

४५ नेही आपल्या संख्येला निःशेष भाग जातो : १२३४५६७८९० ÷ ४५ = २,७४,३४,८४२. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद संख्या हे नाव देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. ६१७४ हा त्यांचा सुप्रसिद्ध स्थिरांक चार अंकी संख्यांचा आहे. तीच कृती इथे करा : अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करा. ९८७६५४३२१० − ०१२३४५६७८९ = ९७५३०८६४२१. उत्तरातही दहाही अंक एकेकदाच आहेत, म्हणून पुढची वजाबाकी पुन्हा तीच. एकाच पायरीत संख्या स्थिरावते. चढत्या मांडणीतला पुढचा शून्य गाळू नका आणि तो गैरसोयीचा वाटला म्हणून १०२३४५६७८९ ही घेऊ नका; दोन्ही आकडेमोडी वेगळ्या आहेत.

आता २, ४, ५, ७, ८ ने गुणून बघा : २४६९१३५७८०, ४९३८२७१५६०, ६१७२८३९४५०, ८६४१९७५२३०, ९८७६५४३१२०. प्रत्येकात दहाही अंक आहेत. ३ ने गुणल्यावर मात्र ३७०३७०३६७० आणि ६ ने ७४०७४०७३४०. पुन्हा ८१ च आड येतो : ८१ मधून ३ छेदला गेला की २७ उरतो आणि १० ÷ २७ = ०.३७०३७०…, त्याचे आवर्तन तीनच अंकांचे.

संगणकात ही संख्या द्विमान पद्धतीत अशी बसते : १००१००११००१०११०००००००१०११०१००१०. एकूण ३१ अंक, त्यांतले १२ एक. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून ग्रिनिच वेळेनुसार सेकंद मोजणाऱ्या घड्याळांवर हा आकडा १३ फेब्रुवारी २००९ ला रात्री ११ वाजून ३१ मिनिटे ३० सेकंदांनी आला. भारतात तेव्हा १४ फेब्रुवारीची पहाट होती, ५ वाजून १ मिनिट ३० सेकंद.

सराव : ९८७६५४३२१०

आधी दोन्ही संख्यांचा मसावि काढा. १२३४५६७८९० × ८ = ९८७६५४३१२०, बाकी ९०. आणि ९० ने १२३४५६७८९० ला पूर्ण भाग जातो. मसावि ९०, दोन भागाकारांत.

९० ने भागून १०९७३९३६९ उरते. गट १०९ | ७३९ | ३६९, म्हणजे ३६९ − ७३९ + १०९ = −२६१; ७, ११, १३ तिघेही बाद. १७ ने भाग जातो : ६४५५२५७. पुन्हा १७ ने : ३७९७२१. इथे थांबून १७ आणखी एकदा लावून बघा, जात नाही. ३७९७२१ मूळ आहे, पण हाताने खात्री करायची तर ६१६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागावे लागेल. १०९७३९३६९ वर फर्माची पद्धत आधी वापरली असती तर १०४७६ पासून १९०००५ पर्यंत जावे लागले असते, तेच वर सांगितलेले १,७९,५३०.

९८७६५४३२१० = २ × ३² × ५ × १७² × ३७९७२१. विभाजक ७२. त्यांची बेरीज ३ × १३ × ६ × ३०७ × ३७९७२२ = २७,२७,८४,६९,०३६. तुमची बेरीज यापेक्षा कमी आली असेल तर १७² साठी १ + १७ + २८९ ऐवजी १ + २८९ लिहिले आहे का ते बघा.